करप्ट झालेल्या इनोडीबी टेबलमधून डेटा बाहेर कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात: मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसचा सर्व्हर अचानक वीज गेल्यावर पुन्हा सुरू झाला. पण एका मोठ्या टेबलवर क्वेरी टाकली की ‘लॉस्ट कनेक्शन टू मायएसक्यूएल सर्व्हर ड्युरिंग क्वेरी’ असा संदेश येतो, सर्व्हर पडतो आणि आपोआप पुन्हा उठतो. एरर लॉगमध्ये ‘डेटाबेस पेज करप्शन ऑन डिस्क’ अशी ओळ दिसते. ‘रिपेअर टेबल’ चालत नाही. शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा आहे. डेटा परत मिळेल का?

उत्तर: बराचसा मिळेल, कदाचित जवळजवळ सगळा. अट एकच, यापुढे मूळ फाइलींना हात लावायचा नाही. अशा प्रसंगी जो डेटा कायमचा जातो, त्यातला मोठा भाग मूळ बिघाडाने जात नाही. पहिल्या तासाभरात घाईने केलेल्या उपायांनी जातो.

‘टेबल करप्ट झाले’ हे वर्णन फार ढोबळ आहे. इनोडीबी (मायएसक्यूएलमधले, टेबलांचा डेटा फाइलींत ठेवणारे स्टोरेज इंजिन) आपली फाइल १६ केबीच्या पेजांमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांमध्ये लिहिते. १ जीबीच्या फाइलमध्ये अशी ६५,५३६ पेजेस असतात. वीज गेल्यावर किंवा डिस्कचा एखादा भाग खराब झाल्यावर त्यातली एक, दोन, फार तर काही डझन पेजेस बिघडतात. एक ओळ साधारण २०० बाइटची धरली तर एका पेजात सत्तर-पंचाहत्तर ओळी बसतात. म्हणजे बहुधा प्रश्न तेवढ्या ओळींचाच असतो. सर्व्हर मात्र ते पेज वाचायला गेला की स्वतःला बंद करतो, म्हणून सगळेच टेबल गेल्यासारखे वाटते. ‘रिपेअर टेबल’ न चालण्याचे कारणही साधे आहे. ती सोय मायआयसॅम या जुन्या स्टोरेज इंजिनसाठी आहे, इनोडीबी तिला दादच देत नाही.

आधी सर्व्हर थांबवा

सर्वप्रथम सर्व्हर बंद करा आणि तो आपोआप उठणार नाही अशी व्यवस्था करा. सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारा प्रोग्रॅम) पडलेला सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू करत असते. प्रत्येक वेळी रीडू लॉग (डेटा फाइलींत उतरण्याआधी बदल नोंदवणारा लॉग) लागू होतो, अर्धवट व्यवहार (ट्रान्झॅक्शन) मागे घेतले जातात, पर्ज थ्रेड खोडलेल्या ओळींची जागा मोकळी करतात आणि चेंज बफर (दुय्यम इंडेक्सांसाठी साठवून ठेवलेले बदल) इंडेक्सांत मिसळला जातो. हे सगळे फाइलवर लिहिणे आहे, आणि ज्या फाइलची रचना आधीच बिघडली आहे तिच्यावर आणखी लिहिणे म्हणजे बिघाड पसरवणे.

मग पूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. फक्त त्या टेबलची आयबीडी फाइल (टेबलचा डेटा असलेली) पुरत नाही. आयबीडेटा१ (सामायिक सिस्टिम फाइल), दोन्ही अनडू फाइली (व्यवहार मागे घेण्यासाठी लागणाऱ्या नोंदींच्या), मायएसक्यूएल.आयबीडी (टेबलांच्या व्याख्यांची डिक्शनरी), डबलराइटच्या फाइली (पेजांची आधी लिहिलेली जादा प्रत; ८.०.२० पासून त्या वेगळ्या असतात), रीडू लॉग (८.०.३० पासून #इनोडीबी_रीडू या डिरेक्टरीत, त्याआधी आयबी_लॉगफाइल० आणि १) आणि बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची क्रमवार नोंद), सगळे हवे. या प्रतीला मूळ प्रत म्हणा आणि ती फक्त वाचण्यापुरती ठेवा. काम करायचे ते हिच्यापासून काढलेल्या दुसऱ्या प्रतीवर. प्रयोग फसला की ती टाकून नवी घ्यायची. जागा कमी आहे म्हणून ही पायरी गाळू नका. दुसरी डिस्क आणा, पण गाळू नका.

प्रत घेतानाच ‘इनपुट/आउटपुट एरर’ आली तर बिघाड डिस्कचाच आहे. मग साधी सीपी कमांड वापरू नये. खराब डिस्क वाचण्यासाठीची जीएनयू डीडीरेस्क्यू ही कमांड मॅप फाइल (काय वाचून झाले त्याची नोंद) देऊन चालवा. पहिल्या फेरीत `-एन` पर्याय द्या, म्हणजे ती अवघड भागांत अडकून न पडता आधी चांगला भाग उचलते. दुसऱ्या फेरीत `-डी -आर३` देऊन उरलेले सेक्टर पुन्हा वाचायला लावा. मरणाऱ्या डिस्कवर चांगला भाग आधी उचलणे महत्त्वाचे, कारण हट्टाने तेच तेच वाचत राहिल्यास ती मध्येच पूर्ण बंद पडू शकते.

बायनरी लॉगबद्दल एक गोष्ट सहज विसरली जाते. ८.० मध्ये त्यांची ठरलेली मुदत २५,९२,००० सेकंद, म्हणजे ३० दिवस असते, आणि मुदत संपलेले लॉग सर्व्हर सुरू होताना खोडले जाऊ शकतात. तीन आठवड्यांपूर्वीचा बॅकअप असेल तर हे लॉग सोन्याच्या मोलाचे आहेत. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याआधी ते बाजूला काढून ठेवा.

‘आयबी_लॉगफाइल खोडा, सर्व्हर सुरू होईल’ हा सल्ला जागोजागी सापडतो. सर्व्हर कधी कधी सुरू होतोही. पण पूर्ण झालेले जे बदल अजून डेटा फाइलींत उतरलेले नव्हते ते त्या लॉगबरोबर गेले. उरलेल्या पेजांवरचा एलएसएन (लॉगमधले स्थान सांगणारा) क्रमांक नव्या लॉगच्या पुढचा निघतो आणि ‘लॉग सीक्वेन्स नंबर इज इन द फ्यूचर’ अशा तक्रारींनी लॉग भरून जातो. तेव्हा हे करू नका. ‘ऑल्टर’, ‘ऑप्टिमाइझ’ आणि ‘ड्रॉप’ यांनाही तूर्त हात लावू नका.

याच टप्प्यावर विचारा: रेप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरचे बदल घेत राहणारा दुसरा सर्व्हर, आहे का? मायएसक्यूएलची रेप्लिका बायनरी लॉगमधले बदल स्वतःच्या फाइलींत नव्याने लिहिते, मुख्य सर्व्हरची पेजेस उचलून नेत नाही. त्यामुळे मुख्य सर्व्हरच्या डिस्कवरचे खराब पेज तिच्याकडे पोहोचत नाही. रेप्लिका धडधाकट आणि अद्ययावत असेल तर तिलाच मुख्य सर्व्हर करा. पुढचे काही करायची गरज नाही.

कोणते पेज बिघडले ते शोधा

एरर लॉगमधल्या त्या ओळीत ‘स्पेस’ आणि ‘पेज नंबर’ असे दोन आकडे असतात. स्पेसच्या आकड्यावरून कोणती फाइल ते इन्फर्मेशन_स्कीमामधल्या इनोडीबी_टेबलस्पेसेस या टेबलात सापडते. लॉगमध्ये मात्र सर्व्हर अडखळला ते पहिलेच पेज दिसते. पुढे आणखी किती आहेत हे कळण्यासाठी इनोचेकसम ही कमांड वापरा; ती प्रत्येक पेजाचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, तपासते. सर्व्हर बंद असताना, कामाच्या प्रतीवर, आयबीडी फाइलचे नाव देऊन ती चालवायची. ती पहिल्याच न जुळणाऱ्या चेकसमला थांबते, म्हणून `--अलाउ-मिसमॅचेस` ला मोठा आकडा द्या. `--राइट` हा पर्याय कधीही देऊ नका. तो पेजांवर चेकसम नव्याने लिहितो. मग खराब पेजही खरे वाटू लागते आणि शोधायची खूणच पुसली जाते.

इनोचेकसमला एक आंधळा कोपरा आहे. पूर्ण शून्यांनी भरलेले पेज तिला रिकामे आणि निर्दोष वाटते. फाइलसिस्टिमच्या दुरुस्तीनंतर किंवा डीडीरेस्क्यूने न वाचता आलेल्या जागी नेमकी अशीच पेजेस राहतात. म्हणून `--पेज-टाइप-समरी` देऊन इंडेक्स पेजांची संख्या अपेक्षेएवढी आहे का हेही पाहा, आणि संशयित पेज स्वतः डोळ्यांनी बघा:

`डीडी आयएफ=व्यवहार.आयबीडी बीएस=१६३८४ स्किप=<पेज नंबर> काउंट=१ | हेक्सडंप -सी`

चार गोष्टी बघायच्या. २४ व्या बाइटपासून दोन बाइट पेजाचा प्रकार सांगतात. तिथे दशमान १७८५५ असेल तर ते इंडेक्स पेज आहे. ६४ व्या बाइटपासूनचे दोन बाइट इंडेक्सच्या झाडासारख्या रचनेतली पातळी सांगतात, शून्य म्हणजे झाडाचे पान (लीफ), म्हणजेच खऱ्या ओळींचे पेज. ६६ व्या बाइटपासूनचे आठ बाइट म्हणजे इंडेक्सचा क्रमांक, तो इनोडीबी_इंडेक्सेस या टेबलात शोधा. आणि ८ व १२ या बाइटांपासून चार-चार बाइटांत आधीच्या आणि नंतरच्या पेजाचे क्रमांक असतात. हे सगळे जागेवर असेल आणि मधला मजकूरही ओळखीचा दिसत असेल तर पेज थोडेच बिघडले आहे. वरचा अर्धा भाग नवा आणि खालचा जुना दिसला तर लिहिणे अर्ध्यावर तुटले. हे टाळण्यासाठीच डबलराइट बफर असतो. तो बंद केला होता का ते तपासा.

इंडेक्सचा क्रमांक प्रायमरी कीचा (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसून एखाद्या दुय्यम इंडेक्सचा निघाला तर सुटलात. इनोडीबीत पूर्ण ओळ प्रायमरी कीच्या झाडातच राहते. दुय्यम इंडेक्स त्यावरून केव्हाही नव्याने बनवता येतो. डंप काढा (डेटा मजकूर फाइलीत लिहून घ्या), मग तो इंडेक्स ड्रॉप करून पुन्हा तयार करा. डंप आधी, ड्रॉप नंतर, हा क्रम मात्र सोडू नका.

प्रतीवरचा सर्व्हर सुरू करताना

त्याच आवृत्तीचा मायएसक्यूएल वापरा. ‘यानिमित्ताने अपग्रेडही करून घेऊ’ हा विचार आत्ता नको. पोर्ट आणि सॉकेट वेगळे ठेवा, `स्किप_नेटवर्किंग` चालू करा, इव्हेंट शेड्युलर बंद ठेवा आणि रेप्लिकेशन आपोआप सुरू होऊ देऊ नका. आणखी एक सेटिंग कामाची आहे: `इनोडीबी_बफर_पूल_लोड_ॲट_स्टार्टअप = ऑफ`. ५.७ पासून सर्व्हर सुरू होताच मागच्या वेळी मेमरीत असलेली पेजेस पुन्हा वाचून ठेवतो. त्या यादीत खराब पेज असेल तर तुम्ही एकही क्वेरी न टाकता सर्व्हर पडतो, आणि माणूस उगाच फोर्स रिकव्हरीची पातळी वाढवत बसतो.

आता `इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी`, म्हणजे बिघाड असूनही सर्व्हर सुरू करायला लावणारी सेटिंग. ती कॉन्फिग फाइलमधल्या मायएसक्यूएलडी विभागात लिहायची. मूल्ये ० ते ६. शून्यापेक्षा मोठे मूल्य दिले की इनोडीबी टेबलांत इन्सर्ट, अपडेट, डिलीट चालत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक पातळीत खालच्या सगळ्या पातळ्या येतात.

१ मध्ये करप्ट पेज दिसले तरी सर्व्हर चालू राहतो आणि वाचताना त्या पेजाचा उरलेला भाग ओलांडून पुढे जायचा प्रयत्न करतो. बऱ्याचदा एवढ्यावर भागते. २ मध्ये मास्टर थ्रेड आणि पर्ज थ्रेड थांबतात. पर्ज करताना सर्व्हर पडत असेल तर ही हवी. ३ मध्ये अर्धवट व्यवहार मागे घेतले जात नाहीत, म्हणजे वीज गेली त्या क्षणी चालू असलेल्या व्यवहारांच्या ओळीही डंपमध्ये दिसू शकतात. हे लक्षात ठेवून नंतर तपासावे लागते. इथपर्यंत बऱ्यापैकी सुरक्षित.

४ पासून खेळ बदलतो. ४ मध्ये चेंज बफर मिसळला जात नाही, ५ मध्ये अनडू लॉग बघितलाच जात नाही आणि अपूर्ण व्यवहार पूर्ण झाल्याचे मानले जाते, ६ मध्ये रीडू लॉगही लागू होत नाही. या तिन्ही पातळ्या डेटा फाइली कायमच्या बिघडवू शकतात, आणि सर्व्हर पूर्ण रीड-ओन्ली होतो. म्हणून ४ किंवा त्यापुढे जायचे तर दर वेळी मूळ प्रतीवरून ताजी प्रत काढायची, आणि १ पासून एकेक पायरी चढायची. थेट ६ लावून डंप निघाला म्हणून खूश होऊ नका. त्या डंपमध्ये जुन्या आणि नव्या पेजांची सरमिसळ असू शकते, आणि आकडे कुठे चुकले हे वरवर पाहून कळत नाही.

‘चेक टेबल’ आत्ता चालवू नका. त्यातून जे कळेल ते इनोचेकसमने आधीच सांगितले आहे, आणि खराब पेज भेटल्यावर सर्व्हर त्यातही पडू शकतो. ‘काउंट’चेही तसेच. ८.० मध्ये पूर्ण टेबलची मोजणी समांतर थ्रेडने होते आणि ती झाडाच्या वरच्या पेजांवरून कामाची वाटणी करते. त्यामुळे साधे वाचन जिथे पार पडते तिथेही मोजणी अडकू शकते.

भोकाला वळसा घालून वाचणे

आधी मायएसक्यूएलडंप या कमांडने सरळ डंप करून पाहा. `--क्विक` चालू असू द्या (तो तसाही असतो), म्हणजे ओळी मेमरीत न साठता थेट फाइलमध्ये पडतात. `--स्किप-एक्स्टेंडेड-इन्सर्ट` द्या, म्हणजे प्रत्येक ओळीचे वेगळे इन्सर्ट होते आणि सर्व्हर मध्येच पडला तर फक्त शेवटचे वाक्य अर्धवट राहते. बायनरी कॉलम असतील तर `--हेक्स-ब्लॉब` द्या, आणि कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ स्पष्ट लिहा. करप्शनमधून वाचवलेला मराठी मजकूर डंपच्या चुकीने प्रश्नचिन्हांत बदलावा, यासारखी चिडचिड नाही.

मध्येच पडला तर दोन्ही बाजूंनी या. समजा टेबलचे नाव ‘व्यवहार’ आणि प्रायमरी की ‘आयडी’ आहे:

`सिलेक्ट * फ्रॉम व्यवहार फोर्स इंडेक्स (प्रायमरी) ऑर्डर बाय आयडी;`

आणि हीच क्वेरी उतरत्या क्रमाने. क्लायंटलाही `--क्विक` द्या, नाहीतर तो सगळे उत्तर मेमरीत धरून बसतो आणि सर्व्हर पडला की काहीच हाती लागत नाही. चढत्या क्रमात ८,१२,४०० पर्यंत आणि उतरत्या क्रमात ८,१२,५५० पर्यंत ओळी आल्या असे समजू. भोक या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी आहे, पण एवढे मोठे नाही. सर्व्हर पडतो तेव्हा नेटवर्क बफरमधल्या शेवटच्या काही ओळी तुमच्यापर्यंत पोहोचलेल्या नसतात. त्या काढायला लहान घास घ्या: `व्हेअर आयडी > ८१२४०० ऑर्डर बाय आयडी लिमिट १०`, मग त्यापुढचे दहा, असे. उतरत्या बाजूनेही तसेच. खरे भोक ८,१२,४४१ ते ८,१२,५१६ असे ७६ ओळींचे निघाले तर ते बरोबर एका पेजाचे आहे, हिशेब जुळला.

इथे ‘बिट्वीन’ वापरण्याचा मोह टाळा. ऑप्टिमायझर (क्वेरी चालवायचा मार्ग ठरवणारा भाग) ओळींचा अंदाज बांधायला दिलेल्या मर्यादेच्या दोन्ही टोकांपर्यंत इंडेक्सच्या झाडात उतरतो. वरचे टोक खराब पेजात असले तर एकही ओळ न वाचता सर्व्हर पडतो, आणि चांगला भागही गेला असे वाटते. म्हणून एका बाजूने उघडी अट आणि लिमिट.

भोक हजारो ओळींचे दिसत असेल तर घाबरण्याआधी एक शक्यता तपासा. खराब झालेले पेज पानाचे नसून वरच्या पातळीचे असू शकते. बिगइंट कीच्या झाडात असे एक पेज साधारण नऊशे खालच्या पेजांचे पत्ते धरते. ते गेले की त्याखालच्या कुठल्याही ओळीला थेट आयडी देऊन पोहोचता येत नाही. पण खालची पेजेस एकमेकांना पुढच्या-मागच्या क्रमांकांनी जोडलेली असतात. म्हणून भोकाच्या आधीच्या, नीट वाचता येणाऱ्या आयडीपासून वाचन सुरू करून न थांबता पुढे जा. वाचन खालच्या साखळीवरून चालते आणि वरचे तुटलेले पेज लागतच नाही. पानाचे पेज खराब असेल तर नेमके उलट होते: सलग वाचन अडते, पण पलीकडच्या आयडीवर थेट उडी मारता येते. दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या की कोणत्या पातळीचा बिघाड आहे हे हेक्सडंप न बघताही कळते.

तिसरी शक्यता मोठ्या टेक्स्ट किंवा ब्लॉब कॉलमांची. डायनॅमिक रचनेत लांब मजकूर वेगळ्या पेजांत जातो आणि ओळीत फक्त २० बाइटचा पत्ता उरतो. खराब पेज त्या साखळीतले असेल तर पूर्ण ओळ मागितल्यावर सर्व्हर पडतो, पण मोठा कॉलम वगळून बाकीचे कॉलम मागितले तर सगळ्या ओळी बिनबोभाट येतात. मग आधी लहान कॉलम काढून घ्या आणि मोठा कॉलम आयडीवार तुकड्यांनी आणा. गमवावा लागतो तो एखाद-दुसरा लांब मजकूर, ओळ नाही.

टेबलला प्रायमरी की नसेल आणि चालण्यासारखी युनिक कीही नसेल तर इनोडीबी स्वतःची सहा बाइटची छुपी की वापरते. ती क्वेरीत धरता येत नाही, म्हणून वळसा घालणे जवळजवळ अशक्य होते. पातळी १ वर जे येईल ते घ्या आणि खाली सांगितलेल्या पेज वाचण्याच्या उपायाकडे वळा.

नेमके काय गेले त्याची यादी

‘सुमारे ७६ ओळी गेल्या’ एवढे पुरेसे नाही. आयडीत मुळातच खंड असतात, त्यामुळे ७६ आकडे म्हणजे ७६ ओळी असेही नाही. खरी यादी दुय्यम इंडेक्स देतो. प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये त्याच्या कॉलमांबरोबर प्रायमरी कीही साठवलेली असते, आणि तो वेगळ्या पेजांत राहतो. समजा ग्राहक आणि तारीख यांवर इंडेक्स आहे:

`सिलेक्ट आयडी, ग्राहक, तारीख फ्रॉम व्यवहार फोर्स इंडेक्स (ग्राहक_तारीख);`

क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या ‘एक्सप्लेन’मध्ये ‘युझिंग इंडेक्स’ दिसले पाहिजे, म्हणजे मुख्य ओळ वाचायला तो जात नाही. तरीही पडत असेल तर सेशनची आयसोलेशन पातळी (इतर व्यवहारांचे बदल कितपत दिसावेत ते ठरवणारी) ‘रीड अनकमिटेड’ करा. एरवी नुकत्याच बदललेल्या इंडेक्स पेजासाठी ओळीची कोणती आवृत्ती दाखवायची हे ठरवायला इनोडीबी मुख्य झाडात डोकावते, आणि तिथेच भोक आहे.

या यादीतून वाचवलेले आयडी वजा केले की हरवलेल्या ओळींची अचूक यादी हाती येते, शिवाय त्यांचे काही कॉलमही. तीन-चार दुय्यम इंडेक्स असतील तर निम्मी ओळ अशीच पुन्हा उभी राहते.

उरलेले कॉलम आणण्याचे दोन मार्ग. तीन आठवड्यांपूर्वीचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर चढवा आणि त्यात हे आयडी शोधा. जुन्या, न बदलणाऱ्या ओळी तिथे जशाच्या तशा मिळतील. त्यानंतरच्या ओळी बायनरी लॉगमध्ये आहेत. ५.७.७ पासून लॉगची ठरलेली रचना ‘रो’ आहे आणि रो इमेज ‘फुल’, म्हणजे इन्सर्टच नव्हे, नंतरच्या अपडेटमध्येही ओळीचे सगळे कॉलम आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही लिहिलेले असतात. `मायएसक्यूएलबिनलॉग --बेस६४-आउटपुट=डीकोड-रोज -व्ही` चालवून हरवलेले आयडी शोधा. कॉलम @१, @२ असे क्रमाने दिसतात, नावे टेबलच्या व्याख्येवरून जुळवायची. एकाच आयडीच्या अनेक नोंदी असतील तर शेवटची घ्या, आणि ती डिलीटची असेल तर ती ओळ हरवलेली नाही, खोडलेली आहे.

बॅकअपनंतरचे सर्व बायनरी लॉग अखंड असतील तर सरळ पूर्ण बॅकअप चढवून त्यावर लॉगमधले बदल क्रमाने पुन्हा लागू करणे हाच सर्वात स्वच्छ मार्ग. वरचा सगळा खटाटोप मध्येच लॉग तुटला असेल किंवा तेवढा वेळ नसेल तेव्हाचा.

सर्व्हर सुरूच होत नसेल तर

आयबीडी फाइल नव्या सर्व्हरवर ‘इम्पोर्ट टेबलस्पेस’ने आणणे हा पहिला विचार येतो. पण इम्पोर्ट प्रत्येक पेज तपासते आणि खराब पेज लागले की नकार देते. निरोगी फाइल आणि हरवलेली डिक्शनरी अशा जोडीसाठी ती ठीक आहे, इथे नाही.

मग फाइलमधून पेजेस थेट वाचावी लागतात. अनड्रॉप-फॉर-इनोडीबी या साधनसंचात दोन प्रोग्रॅम आहेत. स्ट्रीम_पार्सर फाइल (किंवा पूर्ण डिस्क) चाळून इंडेक्स क्रमांकानुसार पेजेस वेगळी करतो. सी_पार्सर टेबलच्या व्याख्येवरून त्यातल्या ओळी बाहेर काढतो. व्याख्या अक्षरशः तंतोतंत हवी. एखादा कॉलम ‘नॉट नल’ आहे की नाही एवढे चुकले तरी पुढचे सगळे कॉलम सरकतात आणि तारखांच्या जागी कचरा येतो. ८.० मध्ये व्याख्या आयबीडी फाइलमध्येच असते, ती आयबीडी२एसडीआय या साधनाने काढता येते. कॉलम कधी ‘इन्स्टंट’ पद्धतीने वाढवला असेल तर त्याआधीच्या ओळींत तो फाइलमध्ये नसतोच. अशा ओळी जुन्या व्याख्येने वेगळ्या वाचा.

या मार्गाने मोकळी झालेली जुनी पेजेसही वर येतात, म्हणून एकाच आयडीच्या दोन-तीन आवृत्त्या मिळतात. प्रत्येक ओळीपुढे व्यवहार क्रमांक छापलेला असतो. ज्याचा मोठा ती नवी. टेबलस्पेस एन्क्रिप्ट केलेला असेल आणि किल्ली नसेल तर या मार्गाने काहीही निघणार नाही.

मायआयसॅमचे टेबल असेल तर गोष्ट सोपी आहे. सर्व्हर बंद करून तिन्ही फाइलींची प्रत घ्या, `मायआयसॅमसीएचके -आर` चालवा, जमले नाही तर `-ओ`. एमवायआय (इंडेक्सची) फाइलच गेली असेल तरच ‘रिपेअर टेबल’चा ‘यूझ_एफआरएम’ हा पर्याय वापरा. रिपेअर चालू असताना सर्व्हर पडला तर उठल्यावर त्या टेबलवर सर्वात आधी पुन्हा रिपेअरच चालवायचे.

परत चढवताना

जुन्या डेटा डिरेक्टरीत भर घालू नका. नवा, रिकामा सर्व्हर उभा करून त्यात सगळा डंप चढवा. त्याच सर्व्हरवरची बाकीची टेबलेही डंप करूनच न्या, आयबीडेटा१ किंवा अनडू फाइलींतला बिघाड बरोबर यायला नको. फॉरेन कीची (टेबलांमधल्या दुव्यांची) तपासणी बंद करून चढवले असेल तर ती नंतर चालू केल्याने आधीच्या ओळी तपासल्या जात नाहीत. अनाथ ओळी लेफ्ट जॉइनने स्वतः शोधा. ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा आयडी) हरवलेल्या ओळींच्याही पुढे न्या, नाहीतर जुना क्रमांक नव्या ओळीला मिळेल आणि मागाहून सापडलेली ओळ बसणार नाही. दिवसवार संख्या आणि रकमांची बेरीज जुन्या अहवालांशी ताडून पाहा. पातळी ३ किंवा वर वापरली असेल तर शेवटच्या काही मिनिटांचे व्यवहार एकेक करून तपासा.

आणि हे सगळे त्याच यंत्रावर चढवण्याआधी ते यंत्र तपासा. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर’ शून्य आहेत का, कर्नलच्या लॉगमध्ये डिस्कच्या चुका आहेत का, डबलराइट चालू आहे का, आणि बॅटरी नसलेल्या रेड कार्डाची राइट कॅश चालू तर नाही ना. मेमरी तपासणारा मेमटेस्टही रात्रभर चालवा. चेकसम पेज डिस्कवर लिहिताना काढला जातो, त्यामुळे मेमरीत आधीच उलटलेल्या बिटसकट पेज बरोबर चेकसम घेऊन डिस्कवर उतरते. असा बिघाड इनोचेकसमला कधीच दिसत नाही.